मान्सानियोच्या मेजावर

पॅसिफिक महासागराच्या काठी, मेक्सिकोच्या पश्चिम अंगाला कोलिमा नावाचे एक चिमुकले राज्य आहे. मान्सानियो हे त्याचे बंदर. आमचा भाचा मालवाहू जहाजावर अधिकारी असल्यामुळे या बंदराचे नाव आमच्या घरात कित्येक वर्षे ऐकू येत होते. त्याच्याच आग्रहावरून एका फेब्रुवारीच्या आरंभी आम्ही तेथे जाऊन पोचलो, आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी त्याने आम्हांला समुद्रकाठच्या एका 'मारिस्केरिया'त नेऊन बसविले.

'मारिस्को' म्हणजे कोळंबी, कालवे, तिसऱ्या इत्यादी समुद्राचा मेवा. तो जेथे मिळतो ती मारिस्केरिया. हे रुबाबदार हॉटेल नव्हे. वर माडाच्या झावळ्यांचे छप्पर, खाली वाळू, प्लॅस्टिकची मेजे आणि खुर्च्या. मेजावर चिरलेल्या लिंबांची वाटी, मीठ, मिरचीच्या रसाच्या तीन-चार बाटल्या आणि खारी बिस्किटे. काय मिळेल ते फळ्यावर खडूने लिहिलेले. आमच्या एका बाजूला गोदीतील कामगार बसले होते, तर दुसऱ्या बाजूला आजीपासून नातवंडांपर्यंत एक सबंध कुटुंब. येथे रात्रीचे जेवण बहुधा मिळत नाही. सकाळी होड्या किनाऱ्याला लागतात, दुपारी मासळी मेजावर येते आणि दिवस मावळण्याच्या सुमारास खुर्च्या एकावर एक रचल्या जातात. ताज्या मासळीचा हा जुना शिरस्ता आहे.

आमचे जेवण पाऊण तासात उरकले. परंतु जे जिन्नस त्या मेजावर मांडले होते त्यांना तेथवर येऊन पोचायला शतके लागली होती. आणि त्यांतील काही तर आपल्याच बाजूने निघाले होते. त्या प्रवासाची थोडी हकिकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ताटातील मासा

पहिल्यांदा आला तो 'सेविचे'. कच्च्या माशाचा अगदी बारीक कीस लिंबाच्या रसात मुरवायचा, त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि कोलिमाच्या पद्धतीप्रमाणे किसलेले गाजर घालायचे, आणि ते सारे 'तोस्तादा'वर, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत पोळीवर, रचून खायचे. चुलीचा संबंध नाही. लिंबाच्या आम्लाने मासा पांढरा आणि घट्ट होतो, एवढेच. त्यात रोगजंतू मरतातच असे मात्र नाही. १९९१ साली पेरू देशातून उसळलेली पटकीची साथ मेक्सिकोत येऊन पोचली तेव्हा लोकांनी या पदार्थाचा काही काळ धसकाच घेतला होता.

मासा होता 'सिएर्रा'. चांदीसारख्या अंगावर पिवळसर ठिपके. तो आपल्या सुरमईच्याच कुळातला, तिची चुलत बहीण म्हणावी असा. वसईच्या बाजारात कोणा कोळणीने टोपलीतून काढून दाखविला असता तर आम्ही भावही विचारला असता.

मेक्सिकोचे मूळ रहिवासी मासळी खात होते ते स्पॅनिश जहाजे येण्याच्या कितीतरी आधीपासून. बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ते लिहून ठेवले आहे. ते १५२९ साली मेक्सिकोत आले. स्थानिक नावात्ल भाषा शिकले, गावोगावच्या वृद्धांना विचारून त्यांचे देव, औषधे, बाजार, जेवण यांची नोंद त्यांनी त्यांच्याच भाषेत करविली. सुमारे १५७७ साली पूर्ण झालेल्या त्या बारा भागांच्या ग्रंथात राजाच्या ताटाचे वर्णन आहे. त्यात पिवळ्या मिरचीतील पांढरा मासा आहे. तांबडी मिरची, टोमॅटो आणि वाटलेल्या भोपळ्याच्या बिया घालून केलेला मासाही आहे. ज्या राज्याचा पाडाव झाला त्याच्या स्वयंपाकघराची एवढी आस्थेने केलेली नोंद दुर्मीळच. 'टोमॅटो', 'चिली', 'अवोकाडो' हे सारे शब्द त्या नावात्ल भाषेतूनच जगात गेले.

खालची मक्याची पोळीही त्यांचीच. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग पाट्यावर वाटायचा, ही त्यांची युक्ती. चुन्यामुळे मक्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपीयांनी मका नेला, पण ही युक्ती नेली नाही. परिणामी ज्या गरिबांचे पोट केवळ मक्यावर होते त्यांच्यात पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. दाणा उचलला, पण तो पिकविणाऱ्या बायकांचे शहाणपण मागेच राहिले.

लिंबू, काकडी आणि मिरची

मात्र लिंबू तेथले नव्हे. कोलिमाच्या तेकोमान परिसरात लिंबाच्या बागा नजर पोचेल तिथवर पसरल्या आहेत. ते लिंबू हाती घेतले आणि आम्हांला हसू आले. लहान, पातळ सालीचे, रसाळ. आपले कागदी लिंबूच ते! जगभर त्याला 'मेक्सिकन लिंबू' म्हणतात खरे, परंतु त्याचे मूळ आशियात. अरबांनी ते पश्चिमेकडे नेले, स्पॅनिश लोकांनी अटलांटिकपार. कोलंबसाने १४९३च्या दुसऱ्या सफरीत संत्री-लिंबू वर्गातील बिया बरोबर घेतल्या होत्या, असे नमूद आहे.

दुसरे ताट 'आग्वाचिले'चे होते. शब्दशः अर्थ 'मिरचीचे पाणी'. उत्तरेकडील सिनालोआ राज्याचा हा प्रकार. कच्ची कोळंबी, लिंबाचा रस, वाटलेली हिरवी मिरची, कांदा आणि काकडीच्या चकत्या. यांपैकी काकडीची मूळ भूमी भारत होय. मिरची तेथली. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याला आणि आपल्या किनाऱ्याला आली आणि बघता बघता आपल्या मसाल्याची राणी झाली. म्हणजे एका बशीत त्यांची मिरची आणि आपली काकडी शेजारी शेजारी पडली होती. आणि आपल्या घरी कोळंबीच्या कालवणात त्यांची मिरची व त्यांचाच टोमॅटो रोज शिजत असतो. पपई, सीताफळ, चिकू हीदेखील त्याच बाजूची देणगी.  उलट दिशेने गेलेला आंबा तेथे 'मनिला आंबा' म्हणून विकला जातो. पेयांच्या यादीत 'तामारिन्दो' होते. ते चिंचेचे सरबत निघाले. मूळ अरबी शब्द 'तमर हिंदी', म्हणजे हिंदची खजूर.

झावळ्यांखालची माडी

'मनिला' हा शब्द येथे आला आहे तर त्याची फोड केली पाहिजे. मान्सानियोपासून जवळच बार्रा दे नाविदाद नावाचे गाव आहे. 'नाविदाद' म्हणजे नाताळ. या नाताळच्या खाडीतून २१ नोव्हेंबर १५६४ रोजी लेगास्पी याचे आरमार फिलिपाइन्सकडे निघाले. वारे आणि प्रवाह असे होते की पश्चिमेला जाणे सोपे, परतणे मात्र आजवर कोणाला नीट साधले नव्हते. उर्दानेता या ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी उत्तरेकडून वळसा घालणारा परतीचा मार्ग आखून दिला आणि १५६५च्या ऑक्टोबरात त्यांचे जहाज आकापुल्कोला लागले. तेव्हापासून १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षे, मनिला ते आकापुल्को ही गलबते चालू राहिली. जाताना मेक्सिकोची चांदी, येताना चीनचे रेशीम आणि पूर्वेचे मसाले.

व्यापाऱ्यांच्या वहीत माल लिहिला जात असे. खलाशांबरोबर आलेली विद्या मात्र कोणी लिहिली नाही. आमच्या डोक्यावरचे झावळ्यांचे छप्पर पाहा. त्याला मेक्सिकोत 'पालापा' म्हणतात आणि तो शब्द फिलिपाइन्सचा आहे. रस्त्यावरून एक मनुष्य खांद्यावरच्या काठीला दोन मोठे भोपळे अडकवून चालला होता. भाच्याने त्याला हाक मारली. त्याने पेला भरला, वर मूठभर शेंगदाणे टाकले आणि पुढे केला. आम्ही एक घोट घेतला आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. ती माडी होती! आपल्याकडे सकाळी माडावरून उतरवितात तीच, ताजी, गोडसर. नाव 'तुबा'; हाही शब्द फिलिपाइन्सचा.

माडाची पोय बांधायची, तिचे टोक रोज तासायचे, खाली भांडे लावायचे, ही कला कोलिमात आणली ती फिलिपिनो खलाशांनी. गलबतावरचे त्यांचे जिणे हलाखीचे होते. किनारा दिसला की संधी साधून ते पळ काढीत. सेबास्तिआन दे पिनेदा या कप्तानाने १६१९ साली स्पेनच्या राजाला कळविले की, आदल्या वर्षी एका गलबतावरून आलेल्या पंचाहत्तर खलाशांपैकी पाचांहून अधिक परत गेले नाहीत. माडाची दारू गाळण्यात ते इतके वाकबगार आहेत की स्पेनहून येणाऱ्या द्राक्षमद्याला गिऱ्हाईक उरणार नाही. या तक्रारीमागे राजाच्या महसुलाची चिंता होती. मेक्सिकोच्या प्रसिद्ध मेस्काल आणि तेकिला या मद्यांची भट्टी तेथील लोक याच खलाशांकडून शिकले, असे काही संशोधकांचे मत आहे. एवढी मोठी देणगी देणाऱ्या त्या पळपुट्या खलाशांची नावे सांगणारे आज कोणी नाही.

मेजावरच्या मिठाचीही अशीच कथा. ते जवळच्या कुयुत्लान खाजणातले. पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत उन्हात राबून मिठागरात मीठ पिकविणाऱ्या माणसांचे वर्णन आपल्या वाचकांना करून सांगण्याची गरज नाही.

शुक्रवारचे पथ्य

आता धर्मनियमाकडे वळू. मालकीणबाई सांगत होत्या की, राखेच्या बुधवारपासून त्यांच्याकडे उभे राहायला जागा नसते. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असल्याने सारा मेक्सिको मासळीकडे वळतो. मेक्सिको सिटीतील ला नुएवा विगा या प्रचंड मासळीबाजारात त्या आठवड्यांत अलोट गर्दी होते. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना पूर्वी ताजी मासळी कोठली? तेथे सुकी कोळंबी कामी आली. ती कुटून, अंड्यात कालवून तिचे वडे करतात आणि 'रोमेरितोस' नावाच्या पालेभाजीच्या रश्शात सोडतात. प्रायश्चित्तकाळात आणि नाताळातही हा पदार्थ घरोघर होतो. सोडे आणि सुकट यांवर पावसाळा काढणाऱ्या आपल्या माणसांना त्याचा वास ओळखीचा वाटेल.

या नियमाच्या इतिहासात एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. १५३७ च्या जून महिन्यात पोप तिसरे पॉल यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांसंबंधी दोन आज्ञापत्रे काढली. त्यांतील एकाने उपवासाचे दिवस त्यांच्यापुरते कमी करून मुख्यत्वे प्रायश्चित्तकाळातील शुक्रवार, पुनरुत्थानाच्या आदला शनिवार आणि नाताळची पूर्वसंध्या एवढेच ठेवले. गरीब आणि कष्टकरी माणसावर अधिक भार नको, हा त्यातील भाव. दुसऱ्याने जाहीर केले की हे लोक संपूर्ण अर्थाने मानव आहेत आणि त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. वसाहतवाल्यांनी पहिले पत्र सहज पाळले. दुसऱ्याकडे मात्र सर्रास डोळेझाक केली. खाणी, मळे, साथीचे रोग यांनी कोलिमाची मूळ वस्ती शतकभरात होत्याची नव्हती झाली. फिलिपिनो खलाशांना तेथे काम मिळाले त्याचे हेही एक कारण होते. मजूर मरून गेले होते.

गलबतांतून मालाबरोबर गुलामही येत. त्यांत आपल्या देशाची माणसे होती. भारतातून पळविलेली मिर्रा नावाची एक मुलगी कोचीनला बाप्तिस्मा घेऊन कातारिना झाली, मनिलाच्या बाजारात विकली गेली आणि १६२० च्या आसपास मेक्सिकोतील पुएब्ला नगरीत पोचली. तेथे प्रार्थनामय जीवन जगून १६८८ साली ती वारली तेव्हा अंत्यविधीला नगर लोटले होते. आशियातून आणलेल्या गुलामांची मुक्तता १६७२ साली झाली. पण नकाशावर बोट ठेवून आपले गाव दाखविता येईल असा त्यांतला किती जण उरला असेल?

भिंतीवरचे कॅलेंडर

जेवण झाले. पैसे देण्यासाठी आम्ही गल्ल्यापाशी गेलो. मागच्या भिंतीवर कॅलेंडर टांगले होते. त्यावर एका तरुण फ्रान्सिस्कन संन्याशाचे चित्र, क्रूसावर, दोन्ही बाजूंनी भाले आरपार गेलेले. खाली नाव होते: सान फेलिपे दे खेसुस. आम्ही विचारले तेव्हा मालकीणबाई खुलल्या. हे आमचे संत, त्या म्हणाल्या. १६६८ साली भूकंपांपासून रक्षण व्हावे म्हणून कोलिमाच्या लोकांनी त्यांना नवस केला. तेव्हापासून फेब्रुवारीत पलीकडच्या विया दे आल्वारेस गावी त्यांच्या नावाने मोठा उत्सव भरतो. लहानपणी फेलिपे फार खोडकर होता. 'अंगणातले वाळके अंजिराचे झाड पालवेल तेव्हा हा संत होईल', असे दाई म्हणे. आणि एके दिवशी ते झाड खरोखरच पालवले, अशी लोककथा त्यांनी आम्हांला सांगितली.

ते कोठे हुतात्मा झाले, असे आम्ही विचारले. जपानमध्ये, नागासाकीला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, असे उत्तर आले. ती तारीख ऐकताच आमच्या अंगावर काटा आला.

कारण ती आमच्या वसईची तारीख आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांचा त्याच दिवशी, त्याच टेकडीवर क्रूसावर अंत झाला. पोर्तुगीज पिता आणि देशी मातेचा हा मुलगा प्रथम येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, पुढे व्यापारी झाला आणि मनिलात फ्रान्सिस्कन बंधू बनला. जपानी भाषा उत्तम येत असल्याने १५९३ साली दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. फेलिपे हा मेक्सिको सिटीत १५७२ साली जन्मला. तोही व्यापारानिमित्त मनिलाला गेला आणि तेथेच फ्रान्सिस्कन झाला. गुरुदीक्षेसाठी तो १५९६ साली मायदेशी निघाला ते 'सान फेलिपे' नावाच्या मनिला गलबतातून. वादळाने त्या गलबताला जपानच्या किनाऱ्यावर नेऊन आपटले. त्यातील माल हिदेयोशीने जप्त केला, संशयाचा वणवा पेटला आणि फ्रान्सिस्कन मठांतून धरपकड सुरू झाली. सव्वीस जणांना भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत पायी चालविण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन आणि तीन येशूसंघीय होते. बाकीचे सतरा जपानी प्रापंचिक होते, त्यांत काही कोवळी मुलेही होती. चोवीस वर्षांचा मेक्सिकोचा फेलिपे आणि चाळिशीचा वसईचा गोन्सालो एकाच रांगेत क्रूसावर चढले. १६२७ साली दोघे एकदम धन्यवादित झाले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी दोघांना एकदमच संतपद दिले.

हे सारे आम्ही भाच्याच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधून मालकीणबाईंना सांगितले. त्यांनी आमच्याकडे आणि मग कॅलेंडरकडे पाहिले. फेलिपेबरोबर आणखी पुष्कळ होते एवढेच त्यांना ठाऊक होते. कोण होते ते ठाऊक नव्हते. "गोन्सालो," त्या म्हणाल्या, "माझ्या थोरल्या भावाचे नाव गोन्सालो. आईने का ठेवले कोण जाणे."

त्यांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. गास गावच्या चर्चमध्ये संत गोन्सालो यांच्यापुढे आम्ही लहानपणापासून हात जोडले; परंतु त्यांच्या रांगेत मरण पत्करणारा मेक्सिकोचा तरुण कोण, हे आम्हीही कधी विचारले नव्हते. त्या वेळी वसई आणि कोलिमा यांचा राजाही एकच होता. १५८० नंतर स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या मस्तकावर पोर्तुगालचाही मुकुट होता. तो मुकुट गेला, गलबते बुडाली, किल्ले ओस पडले. मात्र माडी, लिंबू, मिरची आणि एका दिवसाचे स्मरण मागे राहिले. तेही दोन टोकांना वेगवेगळे. या टोकाला त्या टोकाची ओळख नाही.

इतिहास म्हटले की आपण तहनामे आणि लढाया वाचतो. आमच्या मते तो पोय तासणाऱ्या हातांत, मिठागरात, कोळणीच्या टोपलीतही शोधला पाहिजे. ज्यांनी तो घडविला त्यांतील बहुतेकांना नाव उरले नाही. ज्यांची नावे उरली आहेत त्यांची तरी एकमेकांशी गाठ घालून देणे हे आपले काम आहे. आमच्या पॅरिशमध्ये संत गोन्सालो यांच्या सणाला या दुसऱ्या नावाचाही उच्चार व्हावा, एवढे आम्ही त्या दिवशी मनाशी ठरविले.

निघताना मालकीणबाईंनी पैसे घेण्याआधी आम्हांला पुन्हा बसविले आणि एक उंच पेला आणून ठेवला. टोमॅटो आणि लिंबाच्या रसात कालवे, कोळंबी आणि अष्टपाद. त्याचे नाव काय, असे आम्ही विचारले.

"वुएल्वे आ ला विदा," त्या म्हणाल्या. भाच्याने अर्थ सांगितला: 'पुन्हा जिवंत हो'.

पेल्यात चमचे दोन होते. एक त्यांनी स्वतः उचलला.